अंगणातील सुवासिक गुलाब आणि त्याच्या खालचा खुंट

विकत आणलेला गुलाब पहिल्या हिवाळ्यात मोठी, गुलाबी व सुवासिक फुले देतो. दुसऱ्या वर्षी फुलांची संख्या घटते. तिसऱ्या वर्षी झाड पुरुषभर उंच वाढते, पण त्यावर फिकट, बारीक, झुपक्यांनी येणारी आणि दोन दिवसांत गळून जाणारी फुले दिसू लागतात. मग घरात 'गुलाब पालटला' असे म्हणतात. कोणी जमिनीस दोष देतो, कोणी विहिरीच्या पाण्यास, तर कोणी रोप विकणाऱ्याने फसविले असे म्हणून मोकळा होतो. वास्तविक गुलाब पालटत नाही. आपण आणलेले झाड मरते आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या खाली असलेले दुसरे झाड त्याची जागा घेते. हे दुसरे झाड ओळखता आले, तर अंगणातील सुवासिक गुलाब आठ-दहा वर्षे सहज टिकतो.

प्रस्तुत लेखकास हे ज्ञान पुस्तकातून झाले नाही, स्वतःच्या चुकीतून झाले. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत दख्खनच्या पठारावरील एका गावी एका वृद्ध बाईंना देवपूजेसाठी गुलाबाचे एक कलम लावून दिले होते. पुढच्या वर्षी भाद्रपदात त्या गावी जाणे झाले, तेव्हा झाडाच्या बुंध्यापासून निघालेले चार लांब, पोपटी, लवलवते धुमारे कुंपणाच्या भिंतीवर डोकावत होते. ते पाहून 'झाड मोठे जोमात आहे, याला आता हात लावू नका' असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो तेव्हा भिंतीवर बारीक, पांढुरक्या फुलांचे झुपके होते. आजी रागावल्या नाहीत. "साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून हात लावला नाही," एवढेच त्या म्हणाल्या. ज्या धुमाऱ्यांची मी वाखाणणी केली, ते खुंटाचे होते. खेड्यात काम करणाऱ्या माणसाचा एक शब्द असा चुकला, की पुढे बियाण्याविषयी वा खताविषयी सांगितलेले दहा शब्दही लोक जपूनच घेतात. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय फुलाचा म्हणून किरकोळ समजू नये.

एका बुंध्यावर दोन झाडे

बाजारात मोठ्या फुलाचा जो गुलाब मिळतो, तो बहुधा हायब्रिड टी या वर्गातला असतो. युरोपातील जुने सुवासिक गुलाब आणि चीनकडून तिकडे गेलेले, वर्षातून अनेकदा फुलणारे 'टी' गुलाब यांच्या संकरातून हा वर्ग निर्माण झाला. चीनकडील त्या गुलाबांचा वास चहाच्या पानांसारखा वाटे, म्हणून त्यांस ते नाव पडले. फ्रान्समधील गियो या रोपवाटिकाकाराने १८६७ साली प्रसृत केलेला 'ला फ्रान्स' हा रुपेरी गुलाबी, सुवासिक गुलाब या वर्गातील पहिला मानला जातो. एका दांड्यावर एकच मोठे फूल, लांबट टोकदार कळी आणि पुनःपुन्हा येणारा बहर ही या वर्गाची लक्षणे होत.

या गुलाबांची मुळे आपल्या जमिनीत तितकीशी दणकट ठरत नाहीत. म्हणून रोपवाटिकेत रानटी अथवा काटक जातीच्या गुलाबाचा खुंट वाढवितात आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. आपल्याकडे 'रोझा इंडिका' व 'रोझा मल्टिफ्लोरा' हे खुंट विशेष वापरात आहेत. डोळा फुटला की त्याच्या वरचा खुंटाचा भाग कापून टाकतात. यापुढे जमिनीखाली खुंट आणि जमिनीवर आपला गुलाब, असा एकत्र संसार सुरू होतो. दोहोंच्या सांध्यापाशी बुंधा थोडा फुगीर व वाकडा दिसतो. या जागेस आपण 'जोड' म्हणू. जोडाच्या वरून जे फुटेल ते आपले, खालून फुटेल ते खुंटाचे. खुंट मुळचा काटक व वाढीस चपळ असल्यामुळे त्याचा एक धुमारा राखला, तरी मुळांनी शोषलेले अन्नपाणी तो स्वतःकडे ओढून घेतो. वरचा गुलाब उपाशी राहतो व फांदीफांदीने वाळत जातो.

जात आणि सुवास

सुवास हा जातीचा गुण आहे. वास नसलेल्या जातीस कोणतेही खत घालून तो आणता येत नाही. २०१५ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी सुवासिक व वासहीन जातींची तुलना करून असे दाखविले, की पाकळ्यांतील एका विशिष्ट विकराचे कार्य जेथे जोरात चालते तेथे जिरॅनिऑल हा सुगंधी पदार्थ तयार होतो, आणि जेथे ते मंद असते तेथे फूल कितीही देखणे असले तरी वास येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की वासाची निवड रोप घेतानाच करावी लागते.

गुलाबी रंग दिसला म्हणजे वास असेलच, असेही नाही. 'क्वीन एलिझाबेथ' ही १९५४ सालची जात गुलाबी आहे, भरपूर फुलते, परंतु तिचा वास बेताचाच. लहान बागेसाठी गुलाबी व सुवासिक अशी जात हवी असल्यास 'आयफेल टॉवर' चांगली. अमेरिकेत तयार होऊन १९६३ साली ती प्रसृत झाली. तिची कळी लांब व निमुळती, फूल मोठे, वास जोरकस आणि फांद्यांवर काटे थोडे. देवपूजेसाठी भल्या पहाटे फुले तोडणाऱ्यास काटे थोडे असणे हा काही लहान गुण नव्हे. मात्र हे झाड सरळ उंच वाढते, तेव्हा ते वाफ्याच्या मागील बाजूस लावावे. आपल्या देशातील जात हवी असल्यास नवी दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत डॉ. बी. पी. पाल यांनी निर्माण केलेली 'मृणालिनी' ही गुलाबी जात मागावी. डॉ. पाल हे मूळचे गव्हाचे संशोधक. गव्हावरील तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या जाती काढण्यात त्यांचे आयुष्य गेले, १९६५ साली ते भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि उरलेल्या वेळात त्यांनी गुलाबांचे संकर केले.

नावाच्या चिठ्ठीवर मात्र सर्वस्वी विसंबू नये. शक्य असल्यास रोपवाटिकेत सकाळी जावे आणि अर्धवट उमललेल्या फुलाचा वास स्वतः घेऊन पाहावा. भर दुपारी, उन्हाने तापलेल्या फुलाचा वास पुष्कळसा उडून गेलेला असतो, आणि घट्ट कळीस तो अजून आलेला नसतो. रोप निवडताना उंचीकडे पाहू नये. जोड नीट भरून आलेला आहे काय, जोडाच्या वरून निदान दोन सशक्त फांद्या निघाल्या आहेत काय आणि जोडाच्या खालून काही फुटलेले नाही ना, या तीन गोष्टी पाहाव्या.

जागा व जमीन

रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सकाळचे ऊन सर्वांत उत्तम, कारण त्यामुळे पानांवरील दव लवकर सुकते व रोग कमी पडतो. विदर्भ व मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात दुपारनंतर भिंतीची सावली मिळाल्यास झाडास लाभच होतो. कडुनिंब, शेवगा यांसारख्या झाडांच्या मुळांच्या टापूत मात्र गुलाब लावू नये.

जमिनीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील बरीच कलमे मरतात ती पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यात उभी राहून. भारी काळ्या जमिनीत खोल खड्डा खणून त्यात खत-मातीचे भुसभुशीत मिश्रण भरले, की तो खड्डा म्हणजे घट्ट मातीत बसविलेले एक मडकेच होते. आजूबाजूचे पावसाचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडण्यास वाट राहत नाही. तळाशी विटांचे तुकडे घालण्याची चाल आहे. त्याने पाणी निचरत नाही, तुकड्यांमध्ये साचून राहते. अशा जमिनीत जमिनीच्या पातळीपासून एक वीत उंच वाफा करणे हाच खरा उपाय होय. वाफ्याच्या मातीत मुरुमाची बारीक माती व कुजलेले शेणखत मिसळावे आणि वाफ्याच्या कडेने पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. मध्यम व निचऱ्याच्या जमिनीत ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. तो उन्हाळ्यात खणून तापू द्यावा आणि नंतर वरच्या थरातील माती, आठ ते दहा किलो चांगले कुजलेले शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड व १०० ग्रॅम हाडांचा चुरा यांनी भरावा. ताजे शेण घातल्यास वाळवी व हुमणी यांस आमंत्रण मिळते. दोन झाडांत ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर असावे. सहा झाडांस चार पावलांचा वाफा पुरेल. लहान अंगणात याहून अधिक झाडांचा हव्यास करू नये.

चुनखडीच्या जमिनीत गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. हे लोहाच्या उणिवेचे लक्षण होय. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून ताज्या द्रावणाची फवारणी उन्हे उतरल्यावर पानांवर करावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करावी. फुलांवर हे द्रावण पडू देऊ नये, डाग पडतात. कायमचा उपाय म्हणजे दरवर्षी भरपूर सेंद्रिय खत.

लागवड

कमी पावसाच्या भागात पावसाळ्याच्या आरंभी, आणि कोकण व घाटमाथ्यावर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड करावी.

रोपवाटिकेतून येणाऱ्या कलमाची मुळे पुष्कळदा चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा तसाच पुरला, तर मुळे त्याबाहेर पडत नाहीत. वर्षानंतर मेलेले झाड उपटून पाहावे, तो गोळा जसाच्या तसा हाती येतो! म्हणून लावण्यापूर्वी गोळा घमेल्यातील पाण्यात थोडा वेळ ठेवून बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करावी. पिशवीतील रोप असल्यास पिशवी फाडून पूर्ण काढावी. डोळा बांधलेली पट्टी अजून राहिली असेल तर तीही कापून टाकावी, नाहीतर ती बुंध्यात रुतून बसते.

जोड जमिनीच्या वर चार-पाच सेंटिमीटर राहील अशा बेताने कलम लावावे. थंड देशांत बर्फापासून बचाव व्हावा म्हणून जोड मातीत पुरतात आणि तेथील पुस्तकांतही तसेच सांगितलेले असते. आपल्याकडे बर्फ नाही. जोड मातीत गेला की तो कुजण्याची भीती आहेच, शिवाय धुमारा जोडाच्या वरचा की खालचा हे ओळखण्याचे साधनच नाहीसे होते. दरवर्षी खत-माती घालताना जोड हळूहळू झाकला जातो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

खुंटाचे धुमारे

गुलाबाची पाने पाच पर्णिकांची आणि खुंटाची सात पर्णिकांची, असा एक ठोकळ नियम लोकांत रूढ आहे. तो धरून चालू नये. चांगल्या जातींच्या जोमदार फांद्यांवरही सात पर्णिकांची पाने येतात, आणि या नियमापायी कित्येकांनी आपलाच गुलाब छाटून टाकलेला आहे. पानांचा पोत, फिकट पोपटी रंग, बारीक व दाट काटे, कळी न धरता सरळ वाढत जाणे ही लक्षणे संशय घेण्यापुरती उपयोगी आहेत. मल्टिफ्लोरा खुंट असल्यास पानाच्या देठाच्या तळाशी असलेली उपपर्णे फणीच्या दातांसारखी कातरलेली दिसतात, ही खूण बरीच खात्रीची. परंतु निर्णायक कसोटी एकच. धुमाऱ्याच्या बुडाची माती बोटांनी बाजूस सारावी आणि तो कोठून निघाला आहे ते डोळ्यांनी पाहावे.

जोडाच्या खालून निघाला असेल, तर तो मातीच्या पातळीवर कापू नये. कापल्यास जमिनीत राहिलेल्या बुडख्यावरील सुप्त डोळे जागे होतात आणि एकाचे चार धुमारे होतात. मूळ जागेपर्यंत माती उकरावी, धुमारा मुठीत धरावा आणि खालच्या दिशेने झटका देऊन तो बुंध्यापासून ओरबाडून काढावा. त्यामुळे बुडाशी असलेले डोळेही निघून येतात. जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा पातळ लेप देऊन माती पूर्ववत सारावी. धुमारा वीतभर कोवळा असताना हे काम अंगठ्याने होते. हातभर वाढल्यावर ताकद लागते, आणि तो लाकडासारखा झाल्यावर मुळे दुखावल्यावाचून निघत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी व एरवी महिन्यातून एकदा झाडाच्या बुडाशी बसून पाहण्याची सवय ठेवावी.

खोल खुरपणीने मुळांस जखमा झाल्या की तेथूनही धुमारे फुटतात. म्हणून बुंध्याजवळ कुदळ चालवू नये. तण हाताने उपटावे व वाळलेल्या पानांचे वा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे.

पाणी आणि खत

रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी मुळांपर्यंत ओल जाईल असे पाणी द्यावे. वरची दोन बोटे माती सुकली, की पाणी देण्याची वेळ झाली असे समजावे. पाणी सकाळी व आळ्यात द्यावे, पानांवर नव्हे. बुंध्याभोवती मातीची लहानशी वरंबी ठेवावी, म्हणजे जोड भिजत राहत नाही. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी अवश्य वापरावे. कपड्यांच्या व भांड्यांच्या साबणाचे, विशेषतः सोड्याचे पाणी मात्र देऊ नये. त्यातील क्षारांनी जमीन बिघडते.

खतासंबंधी एवढेच, की गुलाब खादाड असला तरी अधाशी नाही. छाटणीनंतर प्रत्येक झाडास चार-पाच किलो कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड द्यावी. नवी फूट दिसू लागल्यावर १०:२६:२६ सारखे मिश्र खत २५ ते ३० ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर दूर, ओल्या मातीत मिसळून द्यावे. पहिला बहर संपल्यावर तेवढेच पुन्हा द्यावे. युरियाचा मारा केल्यास पाने लुसलुशीत होतात, आणि मावा व भुरी त्यांवर तुटून पडतात.

छाटणी

छाटणीची लोकांस फार भीती वाटते. वाढलेले, हिरवेगार झाड अर्धे कापावयाचे म्हणजे जिवावर येते, विशेषतः घरातील बायकांच्या. परंतु हायब्रिड टी गुलाबाचे चांगले फूल नव्या फांदीवरच येते, आणि सशक्त नवी फांदी छाटणीवाचून फुटत नाही.

महाराष्ट्रात मुख्य छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात करावी. पाऊस चालू असता कापलेल्या फांद्यांत शेंडेमर शिरतो. छाटणीपासून साधारणपणे सहा ते सात आठवड्यांत पहिला बहर येतो. ऑक्टोबरच्या मध्यास छाटलेले झाड मार्गशीर्षाच्या सुमारास फुलते, आणि ती फुले दांड्यासह कापून घेतली, की पुढचा बहर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत हाती येतो. ज्या घरी एरवी छाटणीस नकार मिळतो, तेथे हा हिशेब मांडून दाखवावा. आमचा अनुभव असा, की यानंतर कात्री घरातील मंडळीच काढून देतात.

विळ्याने वा कोयत्याने फांदी चेंगरते व चिरते. धारदार सिकेटर वापरावे आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी त्याचे पाते स्पिरिटने पुसावे. प्रथम वाळलेल्या, रोगट, एकमेकींत गुंतलेल्या व पेन्सिलीहून बारीक फांद्या बुडापासून काढाव्या. चार ते सहा सशक्त फांद्या वाटीच्या आकारात चोहोकडे पसरलेल्या राहाव्या. त्या सामान्यतः ३० ते ४५ सेंटिमीटरांवर कापाव्या. आयफेल टॉवरसारख्या उंच जातीस फार खाली छाटणे मानवत नाही, ती ४५ ते ६० सेंटिमीटरांवर ठेवावी. काप बाहेरच्या अंगास तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर आणि डोळ्याच्या विरुद्ध बाजूस उतरता असावा. कापल्यावर फांदीचा गाभा पाहावा. पांढरा असेल तर ठीक. तपकिरी दिसला, तर पांढरा गाभा लागेपर्यंत आणखी खाली कापावे. येथे माया दाखविली, की महिन्याभरात ती फांदी जोडापर्यंत काळी पडत जाते. कापलेल्या टोकांस कॉपर ऑक्सिक्लोराइडचा वा बोर्डोचा लेप लावावा. पहिल्या वर्षीच्या कलमाची छाटणी हलकीच असावी.

छाटणीच्या वेळी मुळे आठवडाभर उघडी टाकून 'हवा देण्याची' जुनी पद्धत अद्याप काही ठिकाणी आढळते. लहान बागेत तिचा लाभ दिसत नाही. मुळे तुटतात आणि तुटलेल्या मुळांतून खुंटाचे धुमारे फुटतात. ती न करणे बरे, असे आमचे मत आहे.

फुले

मुख्य कळीच्या खाली येणाऱ्या बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्यास मधले फूल मोठे होते. देवपूजेसाठी संख्या हवी असेल, तर त्या राहू द्याव्या. फूल सकाळी, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटताच, पाच पर्णिकांच्या पूर्ण पानाच्या वर कापावे. पहिल्या वर्षी लांब दांडा घेऊ नये. झाडावरच सुकलेली फुले तेथे ठेवू नयेत, फळ धरण्यात झाडाची शक्ती जाते. गुलकंदासाठी गावठी गुलाबच चांगला. आणि ज्या झाडावर औषध फवारले त्याच्या पाकळ्या कोणत्याही कारणाने खाण्यात आणू नयेत.

रोग व किडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री थंड व दिवस उबदार असता, कोवळ्या पानांवर भुरी दिसते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. उन्हाचा ताव असता ते फवारू नये, पाने करपतात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून पाने गळतात. गळलेली पाने वेचून जाळावी व कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम फवारावे. मावा थंडीत येतो, फुलकिडे उन्हाळ्याच्या तोंडी. फुलकिड्यांनी गुलाबी पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात व कळी वेडीवाकडी उमलते. दोहोंवर पाच टक्के निंबोळी अर्क आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारावा. लाल कोळ्याने पाने पांढुरकी पडली, तर पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोराचा फवारा सकाळी तीन-चार दिवस मारावा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. खवले किडीने भरलेल्या फांद्या छाटून जाळाव्या.

गावातील वाचनालयांत गुलाबाविषयीच्या जुन्या पुस्तिका असतात व त्यांत डी. डी. टी. आणि बी. एच. सी. यांची शिफारस आढळते. डी. डी. टी.चा शेतीतील वापर १९८९ पासून आणि बी. एच. सी. १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे. त्या पुस्तिकांतील मशागतीचा भाग आजही वाचण्याजोगा आहे. औषधांची पाने तेवढी सोडून द्यावी.

डोळा भरणे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे डोळा भरण्याचा काळ. खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, २० सेंटिमीटर लांब काड्या घ्याव्या. वरचे दोन डोळे ठेवून मातीत जाणाऱ्या भागावरील सर्व डोळे चाकूने खरवडून काढावे, म्हणजे पुढे धुमाऱ्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. काड्या रुजून साल सहज सुटू लागली, की जमिनीलगत टी आकाराची चीर देऊन त्यात हव्या जातीचा ढालीच्या आकाराचा डोळा बसवावा आणि डोळा उघडा ठेवून पट्टीने बांधावा. डोळ्याची फांदी अशी निवडावी, की तिचे फूल नुकतेच ओसरले आहे व काटे बोटाच्या रेट्याने सहज मोडतात. तीन आठवड्यांत डोळा हिरवा राहिला तर तो लागला असे समजावे. गावच्या शाळेत या कामाचे प्रात्यक्षिक दाखविण्यास एक तास पुरतो. मुलांची बोटे बारीक असल्याने ती हे काम मोठ्यांहून चांगले करतात.

आरंभी सांगितलेल्या आजींच्या अंगणात त्या ऑक्टोबरात आम्ही झाडाचे बूड उकरले. जोड मातीखाली गेलेला होता. त्याच्या एका अंगास बोटभर लांबीची एकच हिरवी काडी जिवंत होती. भिंतीवर चढलेले चारही धुमारे ओरबाडून काढले, तेव्हा बुंधा इतका उघडाबोडका दिसू लागला, की शेजारच्या बायकांनी हळहळ व्यक्त केली. आजींनी मात्र धुमाऱ्यांच्या काड्या मागून घेतल्या. त्यांपैकी सहा काड्या डोळे खरवडून पिशव्यांत लावल्या, चार रुजल्या. जुन्या बुंध्यावरील त्या काडीस पौषात नवी फूट आली. माघात तिच्यावर कळी दिसली. फूल लहानच होते, परंतु वास तोच होता. फूल ओसरल्यावर त्याच दांड्याचे डोळे काढून चार काड्यांवर भरले आणि दोन लागले. त्यानंतर त्या गावी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा आजी हाती खुरपे घेऊन मला आधी झाडाच्या बुडाशी बसवीत, आणि मगच चहा विचारीत.